पवित्र प्रभाकरचं आडनाव काय?

फळ्यावर मी चार चौकटी काढल्या होत्या. पहिल्या चौकटीत दार, दारात दप्तर घेतलेला मुलगा, आत खाटेवर बसलेला माणूस आणि मुलाच्या तोंडापाशी एक रिकामा फुगा. वर्ग आठवीचा होता. मुलांना एवढंच सांगितलं होतं, की हा मुंबईत वाढलेला स्पायडर-मॅन आहे. याला आई-वडील नाहीत, हा अंकलकडे राहतो आणि आत्ता शाळेतून घरी आलाय. तो काय म्हणेल ते मराठीत लिहा.

दोन मिनिटं झाली तरी कुणाचं पेन हलेना. मग मागच्या बाकावरून प्रश्न आला, "ताई, अंकल म्हणजे काका का मामा?"

मुलांच्या पुस्तकांची भाषांतरं करणं हे माझं काम. कार्यशाळा घ्यायला शाळांमध्ये जाते तेव्हा कॉमिकचं उदाहरण हटकून घेते, कारण फुग्यात जागा थोडी असते आणि थोड्या जागेत भाषा उघडी पडते. त्या दिवशीचा प्रश्न साधा होता, पण एका प्रसिद्ध नायकाला दुसऱ्या देशात नेऊन वाढवायचं म्हणजे नेमकं काय काय बदलायचं, याचं सगळं प्रकरण त्यात होतं. म्हणून ते सविस्तर मांडते.

मूळ प्रकरण

पीटर पार्कर पहिल्यांदा छापला गेला तो ऑगस्ट १९६२ च्या अंकात. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिट्को यांनी घडवलेला हा मुलगा न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात काका-काकूंकडे राहतो, विज्ञानात हुशार आहे, शाळेत एकटा पडतो. किरणोत्सर्गी कोळी चावून त्याला शक्ती मिळते. पळून जाणाऱ्या चोराला तो अडवत नाही आणि पुढे तोच चोर त्याच्या काकांचा जीव घेतो.

२००४ मध्ये मार्व्हल ही स्पायडर-मॅनची अमेरिकी कॉमिक्स कंपनी आणि गॉथम एंटरटेनमेंट ग्रुप यांनी मिळून या मुलाला भारतात आणलं. ‘स्पायडर-मॅन: इंडिया’ ही चार अंकांची मालिका. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि चित्रकार जीवन कांग हे तिचे कर्ते. नुसतं भाषांतर करायचं नाही, गोष्ट इथल्या मातीत नव्याने घडवायची, असा त्यांचा मनसुबा होता. २००२ च्या सिनेमाने हा नायक आपल्याकडे घरोघरी पोचला होता आणि २००४ मध्ये दुसरा सिनेमा आला. वेळ साधली होती.

या मालिकेत पीटर पार्करचा पवित्र प्रभाकर झाला. मैत्रीण मेरी जेनची मीरा जैन, काका बेनचा भीम, काकू मेची माया आणि खलनायक नॉर्मन ऑस्बॉर्नचा नलिन ओबेरॉय. पवित्र गावाकडचा मुलगा. शिष्यवृत्ती मिळाली म्हणून अंकल-आंटींबरोबर मुंबईत येतो. शाळेतली पोरं त्याच्या गावठीपणावरून, धोतरावरून त्याला छळतात. दुसरीकडे ओबेरॉय एका प्राचीन ताइताच्या बळावर राक्षस अंगात घेतो. पोरं मागे लागलेली असताना पवित्रला एक योगी भेटतो आणि त्याला कोळ्याची शक्ती देतो. शेवटी राक्षसाचा बंदोबस्त होतो आणि पवित्र आंटीबरोबर दिवाळी साजरी करतो.

एकोणीस वर्षांनी, २०२३ मध्ये, हाच पवित्र ‘स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ या अ‍ॅनिमेशनपटात परत आला. भूमिका जेमतेम काही मिनिटांची, पण या वेळी सगळ्यांना हसवत आला. दोन्ही वेळा नाव तेच आणि शहरही जवळपास तेच. पहिल्या पवित्रला मात्र फारसं कुणी लक्षात ठेवलं नाही आणि दुसऱ्याची वाक्यं मुलं अजून म्हणून दाखवतात. हा फरक कशाने पडला, एवढंच मला बघायचं आहे.

नाव ठेवलं, पण हाक?

नावं आवाजावरून जुळवली आहेत हे उघड आहे. पी आणि पी, एम आणि जे, एन आणि ओ. त्यात वाईट काही नाही. उलट एक गोष्ट आपोआप खरी झाली: ओबेरॉय, जैन, प्रभाकर अशी नावं एकाच वर्गाच्या हजेरीत ऐकू येणं हे मुंबईत अगदी रोजचं आहे. आवाज जुळवता जुळवता शहराची वस्ती आपोआप नोंदली गेली.

‘पवित्र प्रभाकर’ हे मराठी कानाला मात्र अर्धं वाटतं. प्रभाकर आडनाव असलेली माणसं देशात आहेत, पण आपल्याकडे प्रभाकर हे एखाद्या वडिलांचं, आजोबांचं नाव. शाळेच्या रजिस्टरात मुलाचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम असतो, त्यामुळे मराठी वाचक ‘पवित्र प्रभाकर’ वाचून पुढच्या शब्दाची वाट बघतो. पवित्र प्रभाकर सावंत? पवित्र प्रभाकर गायकवाड? आता जरा थांबून पाहा. हा मुलगा अनाथ आहे, आणि तरी रोज सकाळी हजेरीला त्याच्या नावाला जोडून त्याच्या गेलेल्या बापाचं नाव भर वर्गात घेतलं जाणार. पीटर पार्करच्या आयुष्यात ही जागाच नाही. त्याच्या नावात बाप आडनावापुरता आहे, आणि ते आडनाव काकांचंही आहे. महाराष्ट्रात वाढलेल्या स्पायडर-मॅनला ही कळ फुकट मिळत होती. लेखकांच्या हाती ती नकळत आली आणि नकळतच निसटली.

मग नात्याचा प्रश्न. मूळ कथेत बेन हा पीटरच्या वडिलांचा भाऊ, म्हणजे काका. इंग्रजीत ‘अंकल’ म्हटलं की भागतं. मराठीत पहिल्याच फुग्यात निर्णय घ्यावा लागतो, आणि तो नुसता शब्दाचा निर्णय नसतो. काकांकडे वाढलेला मुलगा आपल्याच घरात असतो. तिथलं पाणी, देव, कुळाचार त्याचेच, आणि जमिनीचा वाद असेल तर तोही त्याचाच. मामाकडे वाढलेला मुलगा लाडात असला तरी आजोळी असतो. आईच्या माहेरी कायम राहिलेल्या पोराला गावात वेगळ्या नजरेने बघतात. म्हणजे मामा निवडला तर नायक मुळातच थोडा उपरा ठरतो आणि काका निवडला तर घराण्याचा एकमेव उरलेला मुलगा. दोन्हींतून वेगवेगळ्या गोष्टी निघतील. वर्गात यावर चांगली वीस मिनिटं वाद झाला. मुलं जवळपास निम्मी-निम्मी वाटली गेली आणि प्रत्येकाकडे आपापल्या घरातलं एक उदाहरण होतं.

शेवटी एक मुलगी म्हणाली, "काका असू दे नाहीतर मामा, घरात कुणी त्याला पवित्र म्हणणारच नाही. पव्या म्हणतील."

त्या एका ‘पव्या’ने जे काम केलं ते मालिकेच्या चार अंकांत कुठे झालेलं नाही. मूल कुठे वाढलं हे त्याच्या कागदोपत्री नावापेक्षा त्याला हाक कशी मारतात यावरून कळतं.

योगी कशाला?

माझ्या मते २००४ च्या मालिकेची सगळ्यात मोठी चूक योगी ही आहे. प्रयोगशाळेतल्या कोळ्याच्या जागी योगी आला आणि विज्ञानातल्या खलनायकाच्या जागी राक्षस. भारत म्हटलं की अध्यात्म, हा हिशेब बाहेरून आलेला वाटतो, आणि करणारे लोक आपल्यातलेच असल्यामुळे तो जास्त खटकतो. पीटरला मिळालेली शक्ती त्याच्या आवडीच्या विषयातून येते. ज्या विज्ञानापायी पोरं त्याला चिडवतात त्याच्याच प्रदर्शनात त्याला कोळी चावतो. जाळं फेकायचं यंत्र तो घरी स्वतः बनवतो. योगीने आशीर्वाद दिल्यावर मुलाची स्वतःची हुशारी गोष्टीतून बाजूला पडते.

आणि २००४ चा भारत हा कसला भारत होता? शिष्यवृत्तीवर मुंबईत शिकायला आलेला हुशार मुलगा. त्याच्या घरात देवाच्या फोटोशेजारी प्रवेश परीक्षेचं वेळापत्रक चिकटवलेलं असतं. मुंबईतच तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला, भाभा अणुसंशोधन केंद्र आहे, १९५६ साली आशियातली पहिली अणुभट्टी ‘अप्सरा’ तिथेच सुरू झाली. किरणोत्सर्गी कोळ्यासाठी याहून सोयीची जागा जगातल्या फार थोड्या शहरांत सापडेल. शाळेची सहल, रांगेत शेवटी राहिलेला गावाकडचा मुलगा आणि मनगटावर उतरलेला एक कोळी. गोष्ट इथल्या इथे उभी राहते, हिमालयातून कुणाला बोलवावं लागत नाही.

धोतराचंही तसंच. २००४ साली महाराष्ट्रातल्या कुठल्याही खेड्यातलं पोर शाळेत धोतर नेसून जात नव्हतं. जिल्हा परिषदेच्या शाळेतही गणवेशाची चड्डी, पँट होती. गावाकडून मुंबईत आलेल्या मुलाला पोरं कशावरून चिडवतात ते ज्याने सोसलंय त्याला विचारावं. बोलण्यावरून चिडवतात. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हटलं की वर्ग हसतो. ‘व्हय’ म्हटलं की मधल्या सुट्टीत त्याची नक्कल होते. असा मुलगा हळूहळू गप्प राहायला शिकतो. आणि तोंडावर मुखवटा चढला की तोच मुलगा भरभरून बोलायला लागतो, कारण तो कुठला आहे हे कुणाला ठाऊक नसतं. पीटरसुद्धा मुखवट्याआड बडबड्या होतो. हा दुवा इतका नैसर्गिक होता की तो राहून गेला याची मला अजून चुटपुट लागते.

याच मालिकेत एक बदल मात्र मनापासून आवडावा असा आहे. पीटर चोराला जाऊ देतो. पवित्रच्या बाबतीत प्रसंग वेगळा आहे. काही गुंड एका बाईच्या मागे लागलेत, पवित्र ते बघतो आणि ‘आपल्याला काय’ म्हणून निघून जातो. भीम अंकल मात्र मध्ये पडतात आणि भोसकले जातात. बेन बिचारा बळी जातो. भीम स्वतः पुढे होऊन मरतो. शक्ती मिळालेला पोरगा वळून निघून गेला आणि शक्ती नसलेला म्हातारा पुढे झाला. ही टोचणी मूळ गोष्टीपेक्षा खोल आहे. ज्या शहरात गर्दीत घडणाऱ्या गोष्टीकडे मान वळवून बघायचं आणि पुढच्या लोकलला चढायचं ही सवय लागते, त्या शहराला ही टोचणी लागू पडते. इथे लेखकांनी नायकाला खरोखर मुंबईत आणलं होतं. पुढच्या पानांवर राक्षस आले आणि ते हरवलं.

इतरांनी काय केलं

हा प्रयोग करणारे आपण पहिले नव्हतो. जपानमध्ये तोएई कंपनीने १९७८ मध्ये स्पायडर-मॅनची टीव्ही मालिका केली. मे १९७८ ते मार्च १९७९, एकूण ४१ भाग. तिथला नायक ताकुया यामाशिरो हा मोटरसायकल शर्यतपटू. त्याला शक्ती मिळते ती स्पायडर नावाच्या ग्रहावरच्या गारिया या शेवटच्या योद्ध्याच्या रक्तातून. आणि त्याच्याकडे लिओपार्डन नावाचा अवाढव्य यंत्रमानव असतो. वेशाखेरीज मूळ गोष्टीतलं जवळपास काहीच ठेवलेलं नाही. तरी ती मालिका अस्सल वाटते, कारण त्या काळच्या जपानी मुलाला संध्याकाळी टीव्हीवर जे हवं असायचं ते सगळं तिथे आहे. नायकाने आपला यंत्रमानव बाळगायची ही कल्पना तोएईने पुढच्याच वर्षी आपल्या रंगीबेरंगी पथकांच्या मालिकांत घेतली आणि तीच परंपरा १९९३ मध्ये ‘पॉवर रेंजर्स’ होऊन अमेरिकेत परतली. पाहुणा म्हणून आलेला नायक घर बदलून गेला.

आणि २००४ मध्येच, पवित्रच्याच वर्षी, सुपरमॅनला इंग्लंडमध्ये वाढवणारं ‘सुपरमॅन: ट्रू ब्रिट’ हे विनोदी पुस्तक आलं. लेखक किम जॉन्सन, मदतीला विनोदी नट जॉन क्लीज, चित्रं जॉन बर्न यांची. इथे बाळाचं यान अमेरिकेतल्या शेतात न पडता वेस्टन-सुपर-मेअर या समुद्रकाठच्या गावात पडतं. क्लीज स्वतः त्याच गावचे. पुस्तक म्हणून ते सगळीकडे जमलेलं नाही, पण त्यातली एक कल्पना मी कधी विसरणार नाही. मुलाला सांभाळणाऱ्या इंग्रज आई-बापांना त्याच्या शक्तीची भीती वाटत नाही, शेजारी काय म्हणतील याची वाटते. उडता येणारं मूल घरात असून सगळा जीव टांगलेला कशावर, तर लोकांच्या बोलण्यावर. सुपरमॅन तोच, पण त्याच्या घरातली काळजी बदलली आणि तो इंग्रज झाला.

ही काळजी मराठी माणसाला नव्याने समजावून सांगायला नको. ‘लोक काय म्हणतील’ हे आपल्याकडच्या घरांत भिंतीसारखं असतं. माया आंटीच्या तोंडी हे एक वाक्य असतं, "अरे, चाळीतल्यांनी बघितलं तर?", तर योग्यांची, राक्षसांची, ताइतांची गरज अर्ध्यावर आली असती.

गिरणीची जमीन

खलनायकाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण मुंबईत हा भाग शोधायला लांब जावं लागत नव्हतं.

भीम आणि माया गावाहून मुंबईत येतात. २००४ मध्ये भीम पन्नाशीच्या पुढचा धरला, तर त्याचा मुंबईशी जुना संबंध असण्याची दाट शक्यता आहे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा जवळपास अडीच लाख कामगार त्यात होते. संप मागे घेतल्याची रीतसर घोषणा कधी झालीच नाही. गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि हजारो माणसं कोकणात, घाटावर आपल्या गावी परतली. त्यातलाच एक भीम असता तर? एकदा मुंबईने हाकललेला माणूस भावाच्या पोराच्या शिक्षणासाठी वीस वर्षांनी त्याच शहरात परत येतो. ज्या गिरणीच्या भोंग्यावर त्याचा दिवस चालायचा तिची चिमणी आहे, पण भोवती काचेची इमारत उभी राहतेय.

आणि ती इमारत ओबेरॉयची. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतला ५८ क्रमांकाचा नियम असा होता, की गिरणीची जमीन विकासाला काढली तर साधारण एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि ही वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जागेपुरती राहिली. ज्या जमिनीवर गिरणीचं बांधकाम उभं होतं ती वाटणीतून सुटली. शहराच्या वाट्याची जागा कागदावर आटली. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुधारित नियम कायम ठेवला. पवित्रची मालिका निघाली ती नेमकी या सगळ्याच्या मध्यावर. ज्या माणसाची ताकद नियमातल्या एका शब्दात आहे, त्याच्याशी भिंतीवर चढणाऱ्या पोराने लढायचं कसं? हा प्रश्न हिरव्या राक्षसापेक्षा कितीतरी अवघड आहे, आणि मुंबईत वाढलेल्या मुलाने त्यालाच तोंड द्यायला हवं होतं.

जागेची एक अडचण चित्रकारालाही असते. जाळ्याला लटकून झोका घ्यायचा तर उंची लागते. न्यूयॉर्कमध्ये ती आहेच. गिरगावात तीन-चार मजली चाळी. झोका घेतला की पाय रस्त्यावर घासणार, नाहीतर विजेच्या तारांत अडकणार. मुंबईत चढण्याची आपली एक रीत आहे. माणसांच्या खांद्यांवर पाय देऊन थर लावायचे आणि वरच्या पोराला गोविंदा म्हणायचं. सबंध पथक खाली हात वर करून उभं असतं. एकट्याने उंचावर जाणारा नायक आणि थरांवर चढणारा नायक यांच्यात फरक आहे, आणि तो मला अजून कुठल्या चित्रात दिसलेला नाही.

२०२३ चा पवित्र

अ‍ॅनिमेशनपटाने या अडचणीवर सरळ उपाय काढला. मुंबई आणि मॅनहॅटन जोडून ‘मुंबॅटन’ नावाचं शहर उभं केलं. इमारतींवर इमारती, त्यांच्या मधून रस्ते, रस्त्यांवर गाड्या, कुठेही बघा माणसं. रंगसंगती आणि रेषा घेतल्या त्या जुन्या भारतीय कॉमिक्सच्या छपाईवरून, विशेषतः इंद्रजालवरून.

हे कळलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला. टाइम्स ऑफ इंडिया गटाने १९६४ मध्ये सुरू केलेली इंद्रजाल कॉमिक्स मराठीतही निघायची. फँटम आपल्याकडे वेताळ होऊन आला तो तिथूनच. परक्या नायकाला आपलं घर देण्याची ती आपली पहिली शाळा. वेताळ हे नाव ठेवणाऱ्याने काय अचूक निवड केली होती! सावलीसारखा वावरणारा, कधी न मरणारा, रानात राहणारा; आणि गावाच्या वेशीवर वेताळाचं ठाणं आपल्याला आधीपासून ओळखीचं. नाव आवाजावरून जुळवलं नव्हतं, स्वभावावरून जुळवलं होतं. त्या पिवळट कागदाचे, थोडे सरकलेले रंग मुंबॅटनच्या भिंतींवर दिसले आणि वाटलं, कुणीतरी नीट अभ्यास केलाय.

पण मुख्य बदल पवित्रच्या स्वभावात आहे. इंग्रजीत त्याला करण सोनीचा आवाज आहे, हिंदी आणि पंजाबीत क्रिकेटपटू शुभमन गिलचा. हा पवित्र सुखी आहे. शक्ती मिळून सहा महिने झालेत, सगळं सोपं वाटतंय, प्रेमात पडलाय, शहर दाखवायला उत्साही आहे. केस इतके छान कसे, तर खोबरेल तेल, असं तो अभिमानाने सांगतो. इथे मी थबकले. २००४ च्या पवित्रला तेल चोपडलेल्या, गावंढळ पोराच्या जागी उभं करून वर्ग हसला होता. २०२३ मध्ये तेच तेल तो मिरवतो आणि पाहुणा कौतुकाने बघतो. खूण तीच, पण आता लाज पवित्रला वाटत नाही. पहिल्या मालिकेत हसणं बाहेरून त्याच्यावर येत होतं, आता तो स्वतः हसवतो, कारण घर त्याचं आहे आणि वाट चुकलेले पाहुणे आहेत.

चहाच्या प्रसंगाचंही तसंच. अमेरिकेहून आलेला माइल्स, म्हणजे या सिनेमाचा नायक असलेला स्पायडर-मॅन, ‘चाय टी’ म्हणतो आणि पवित्र त्याच्यावर उखडतो, की एकच शब्द दोनदा काय म्हणतोस. शहर दाखवताना तो वाहतुकीकडे बोट करतो आणि इंग्रजांनी आपल्या वस्तू पळवल्याचंही ऐकवून जातो. हे विनोद इंग्रजी ऐकणाऱ्यासाठी लिहिलेत हे खरं, पण त्यांचा रोख बदललेला आहे. भारतात हा सिनेमा १ जून २०२३ ला मराठीसह दहा भाषांत आला. मराठीत चहाची गंमत जशीच्या तशी येत नाही, कारण आपल्याला ‘टी’ परका आणि ‘चाय’ही थोडा पाहुणाच. मी असते तर ‘पिवळा पीतांबर’ आठवला असता. एकच गोष्ट दोनदा सांगणाऱ्याला आपण शाळेपासून याच नावाने चिडवतो. पवित्रच्या तोंडी "अरे, हा तर पिवळा पीतांबर झाला!" एवढं आलं असतं, तर तो नक्की आठवीपर्यंत मराठी शाळेत होता अशी माझी खात्री पटली असती.

हसण्याच्या खाली एक कारणही आहे. चित्रपटात वेगवेगळ्या विश्वांतले अनेक स्पायडर-मॅन आहेत आणि त्यांतल्या प्रत्येकाच्या आयुष्यात जवळच्या माणसाचा मृत्यू ठरलेला असतो. पवित्रच्या बाबतीत तो त्याच्या मैत्रिणीचे, गायत्रीचे, वडील इन्स्पेक्टर सिंग यांचा व्हायचा असतो आणि माइल्स त्यांना वाचवतो. म्हणजे हा मुलगा आनंदी आहे कारण त्याचं घर अजून भरलेलं आहे. पहिल्या पवित्रने भीम अंकलना गमावलं, दुसऱ्याने इतक्यात काही गमावलेलं नाही. ज्याचं हसू खरं आहे त्याच्याबद्दलच आपल्याला धास्ती वाटते, आणि त्या थोड्या मिनिटांत मला ती वाटली.

राहिली ती भाषा. दोन्ही पवित्रांच्या मुंबईत मराठी बोलणारं माणूस शोधावं लागतं. शहर मोठं आहे, अनेक भाषांचं आहे, हे मान्य. पण तिथे पोलीस चौकीत, एसटी स्टँडवर, भाजीच्या टोपलीपाशी, शाळेच्या शिपाईमामांच्या तोंडी जी भाषा आहे, तिच्याशिवाय एक मुलगा तिथे वाढलाच कसा? हा हट्ट अस्मितेचा नाही, वाढण्याचा आहे. पोरगं शिव्या कुठल्या भाषेत शिकलं आणि ठेच लागल्यावर ‘आई गं’ म्हणतं का दुसरं काही, यावर त्याचं गाव ठरतं.

त्या दिवशी वर्गात चौथी चौकट उरली होती. मालिकेचा शेवट दिवाळीचा आहे हे मी मुलांना सांगितलं होतं, म्हणून चौकटीत आकाशकंदील काढला, दारात ती बाई, खिडकीबाहेर जाळ्याला उलटा लटकलेला मुलगा, आणि बाईच्या तोंडापाशी फुगा. बहुतेकांनी ‘शुभ दिवाळी’ लिहिलं. ‘पव्या’वाली मुलगी बराच वेळ पेन चावत बसली होती. वही माझ्याकडे आली तेव्हा फुग्यात लिहिलेलं होतं:

"पव्या, दिवाळी तोंडावर आली. तेवढी जळमटं काढून घे."